मीठवाट: प्रकल्प नोंदी, मॅप आवरायला घेतला तेव्हापासून

७ जून

आपल्या गेमच्या मॅपवरून आज परत वाजलं. भाऊने (आमचा लेव्हल डिझायनर, वयाने सगळ्यात लहान पण सगळे भाऊच म्हणतात) नवीन हाइटमॅप (जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा) टाकलाय, आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटर, खाली खाडी, मधे घाट, वर पठार, दिसायला एक नंबर. पण चालून बघितलं तर आपल्या प्लेअरचा पळायचा स्पीड सेकंदाला पाच मीटर, म्हणजे सरळ नाकासमोर पळत सुटलं तरी या टोकापासून त्या टोकाला जवळपास सत्तावीस मिनिटं, आणि त्या सत्तावीस मिनिटांत काय, तर करवंदाची जाळी, कातळ, करवंदाची जाळी, कातळ.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मीठवाट हा ओपन वर्ल्ड आरपीजी (मोकळ्या जगात आपलं पात्र घेऊन फिरायचा गेम) आहे, गोडो नावाच्या गेम इंजिनमधे बनवतोय, टीम म्हणजे मी (कोड), भाऊ (लेव्हल आणि क्वेस्ट, म्हणजे गेममधली कामं) आणि आर्ट करणारी ताई. काळ अठराव्या शतकाचा. कोकणातल्या मिठागरातून मीठ बैलांवर लादून घाट चढवायचं, वर बाजारात विकायचं, येताना धान्य आणायचं. तलवार आहे पण तलवारीचा गेम नाहीये. घाट आणि गावं कल्पनेतली आहेत, पण नाणेघाटात जो जकातीचा म्हणून दगडी रांजण दाखवतात त्याचे फोटो ताईने समोर ठेवलेत आणि आपल्या चौकीजवळचा रांजण त्यावरूनच आलाय.

तर चौसष्ट चौरस किलोमीटर, माणसं तीन. किंगडम कम डिलिव्हरन्स या गेमच्या २०१८ च्या पहिल्या भागाचा मॅप सोळा चौरस किलोमीटरचा होता आणि तो करायला अख्खा स्टुडिओ बसला होता. भाऊचं म्हणणं, "अरे ट्रेलरमधे लांब डोंगर दिसला की लोकांना तिथे जाता आलं पाहिजे, नाहीतर ओपन वर्ल्ड म्हणायचंच कशाला." मुद्दा खोटा नाहीये. पण तिथे गेल्यावर काय करायचं हे कोण लिहिणार, हे विचारलं की भाऊ ताईकडे बघतो, ताई माझ्याकडे.

११ जून

भाऊला गृहपाठ म्हणून डॅगरफॉल दिला. १९९६ चा डॉसवरचा गेम, आता युनिटी इंजिनमधे नव्याने बांधलेला मिळतो, फुकट. बेथेस्डाने तेव्हा मॅप ग्रेट ब्रिटनएवढा आहे असं सांगितलं होतं आणि गावं, मळे, देवळं, तळघरं सगळी धरून पंधरा हजारांच्या आसपास ठिकाणं. आजही कुणी एवढं मोठं हाताने करू शकत नाही, त्यांनीही हाताने केलं नव्हतंच, तळघरं ठराविक ब्लॉक जोडून जोडून बनलेली आणि गावं पण तशीच.

भाऊ दोन संध्याकाळी खेळला आणि म्हणाला की मी चाललोच नाही, सगळीकडे फास्ट ट्रॅव्हल केलं. बरोबर. चालायचं म्हटलं तर खरे तासन्‌तास जातात आणि वाटेत काही होत नाही, म्हणून सगळे मॅपवर बोट ठेवून उडी मारतात, म्हणजे ग्रेट ब्रिटनएवढी जमीन शेवटी गावांच्या नावांची यादी होऊन बसते. मला तरी तो गेम आवडतो, त्यात हरवल्याची एक वेगळी मजा आहे, बँका आहेत, कर्ज मिळतं, कर्ज बुडवलं तर नाव खराब होतं, जादू स्वतः तयार करता येते, खूप काय काय आहे. पण गाव क्रमांक चार हजार आणि गाव क्रमांक नऊ हजार यांतला फरक कुणी सांगून दाखवावा.

आणि गंमत म्हणजे त्याच लोकांनी २००२ मधे मॉरोविंड काढला तेव्हा उलटं केलं, एकच बेट, आणि ते जवळजवळ सगळं हाताने रचलेलं.

१९ जून

छोटी नोंद. भाऊला पुढे हाच मॅप सोळा किलोमीटरपर्यंत वाढवायचा होता आणि ओरिजिन (जिथून अंतरं मोजतात तो शून्य बिंदू) खाडीच्या कोपऱ्यात. साध्या ३२ बिटच्या फ्लोटमधे (कंप्युटर दशांश आकडे असे ठेवतो) आठ ते सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात दोन आकड्यांमधलं अंतर साधारण एक मिलिमीटर होतं, त्यामुळे जवळच्या कॅमेऱ्यात हातपाय थरथरायला लागतात. गोडो डबल प्रिसिजनमधे (जास्त अचूक आकड्यांत) बिल्ड करता येतं, पण त्याचे टेम्प्लेट आपले आपण कंपाइल करा, प्लगिन परत तपासा, ही सगळी उस्तवार रिकाम्या कातळासाठी? नाही. सोळा किलोमीटरचा विषय बंद.

२८ जून

हे जरा लांब होईल.

दोन आठवडे रोज रात्री थोडा थोडा गॉथिक खेळतोय, २००१ चा, पिरान्हा बाइट्स नावाच्या जर्मन स्टुडिओचा (२०२४ मधे बंद पडला, वाईट वाटलं). मॅप आजच्या मानाने एवढासा. एक खोरं, त्यावर जादूचं कुंपण, आत कैदी टाकलेत, आत येता येतं पण बाहेर जाता येत नाही. बघा म्हणजे मॅप का संपतो याचं उत्तर त्यांनी गोष्टीच्या पहिल्या वाक्यातच देऊन टाकलं, अदृश्य भिंत नाही की "इथून पुढे जाता येणार नाही" अशी पाटी नाही. आत तीन छावण्या, तिघींचं आपसात वाकडं, आणि तुम्ही कुठल्या छावणीत जाता त्यावरून लोक कसे बोलतात ते बदलतं.

पण मला खरं धरून ठेवलं ते बारीक गोष्टींनी. तलवार शिकलेली नसेल तर तुमचा माणूस एका हाताची तलवार दोन्ही हातांनी गच्च धरतो, नवशिका कुऱ्हाड धरतो तशी, आणि वार पण तसेच अवघडलेले. मग छावणीतल्या एखाद्या माणसाकडे जाऊन पॉइंट खर्चून शिकायचं, आणि पुढच्या मारामारीत तो एका हातात धरतो, उभं राहणंच बदलतं. स्क्रीनवर कुठे "+१०" नाही. कौशल्य वाढलंय हे डोळ्यांना दिसतं आणि ते कुणाकडून मिळालं तो माणूस तुम्हाला माहीत असतो. दुसरं, कुणाच्या झोपडीत विनापरवानगी घुसलात तर मालक आधी हटकतो, मग हत्यार काढतो. तुम्ही चौकात हत्यार उपसून उभे राहिलात तर लोक म्हणतात आत ठेव. रात्री झोपतात, सकाळी कामाला लागतात, शेकोटीभोवती बसतात.

आता हे सगळं काय फार मोठं तंत्र आहे का, तर नाही. अल्टिमा सातमधे १९९२ सालीच लोकांचं वेळापत्रक होतं, पीठ पाणी घेऊन भट्टीत पाव भाजता यायचा. गॉथिकमधली गोष्ट अशी की हे नियम सगळ्यांना लागू आहेत आणि मॅप लहान असल्यामुळे तुम्ही त्याच माणसांना परत परत भेटता. घुसखोरीवर हटकणारा माणूस जर मॅपवर एकदाच भेटणार असेल तर त्याने हटकलं काय नि न हटकलं काय. तोच माणूस उद्या तुम्हाला काहीतरी विकणार असेल तर मात्र हटकण्याला वजन येतं.

ताईचं मत वेगळं आहे, ते पण लिहून ठेवतो. ती म्हणते गॉथिकची कंट्रोल सिस्टिम इतकी तिरपागडी आहे की पहिला तास कुणी टिकणार नाही, तुम्ही लोक जुन्या गेमचं कौतुक करताना हे सोयीस्कर विसरता. मान्य.

६ जुलै

ठरलं. मॅप तीन बाय तीन किलोमीटर. तीन जागा: खाली बंदर आणि मिठागर, मधे जकातीची चौकी, वर बाजारपेठ. बोलणारी, लक्षात ठेवणारी माणसं बारा. बाकीची गर्दी नुसती गर्दी.

बाराच का, तर याचं गणित फळ्यावर मांडलं. प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी नातं धरलं (उधारी, वैर, सोयरीक, धंदा) तर बारा जणांत सहासष्ट जोड्या होतात. पंधरा केले तर एकशे पाच. भाऊच्या पहिल्या यादीत चाळीस जण होते, त्यांच्या सातशे ऐंशी. कातळ दुप्पट करायचा तर काम दुप्पट होतं, पण एकमेकांना ओळखणारी माणसं दुप्पट केली की काम चौपटीच्या घरात जातं, आणि बजेट बनवताना लोक हे दोन्ही एकाच रकान्यात "कंटेंट" म्हणून लिहितात.

भाऊ नाराज आहे. आठ किलोमीटरचा हाइटमॅप त्याने डिलीट केला नाहीये, लांबचे डोंगर म्हणून मागच्या पडद्याला वापरणार म्हणतोय. वापर की.

१३ जुलै

आज बऱ्याच दिवसांनी कोडमधे मजा आली.

२०१७ च्या जीडीसीमधे (गेम बनवणाऱ्यांची परिषद) ब्रेथ ऑफ द वाइल्ड या झेल्डा गेमच्या टीमने "केमिस्ट्री इंजिन"बद्दल सांगितलं होतं, त्याचे तीनच नियम: तत्त्व (आग, पाणी, वीज वगैरे) पदार्थाची स्थिती बदलतं, तत्त्व तत्त्वाची स्थिती बदलतं, पण पदार्थ पदार्थाची स्थिती बदलत नाही. बस. पाऊस आला की शेकोटी विझते, गवत पेटतं, पेटलं की वर गरम हवा जाते आणि तिच्यावर तरंगता येतं, प्रत्येक गोष्ट वेगळी लिहावी लागत नाही. आणि याची चाचणी त्यांनी आधी साध्या टूडी प्रोटोटाइपवर केली होती, जुन्या झेल्डासारख्या वरून दिसणाऱ्या.

आपल्याला एवढं नको, आपल्याला फक्त ओल पाहिजे. म्हणून प्रत्येक वस्तूला एक आकडा दिला, ओल, शून्य ते शंभर. पावसात उभं राहिलं की वाढते, ओढा ओलांडताना वाढते, घोंगडं किंवा इरलं टाकलं की हळू वाढते, शेकोटीजवळ कमी होते. आता मीठ. मिठाची गोणी आधी ओल पिते आणि जड होते, साठच्या वर गेली की गळायला लागते आणि वजन कायमचं घटतं. धान्याची गोणी ओली राहिली तर दोन दिवसांनी कुजते. घोंगडं ओलं झालं की थोपवायचं बंद करतं. बैल ओला झाला की त्याला काही होत नाही, पण वाटेची माती ओली झाली की बैलाचा पाय घसरतो. लाकडं ओली असतील तर शेकोटी पेटत नाही, म्हणजे गोणी वाळवता येत नाही, म्हणजे चौकीवरच्या माणसाच्या पडवीत आसरा मागावा लागतो, म्हणजे त्याच्याशी बरं असावं लागतं.

ही शेवटची साखळी मी लिहिली नाहीये. टेस्ट करताना वळवाचा पाऊस आला आणि मला खरोखर त्या जकातदाराच्या पडवीत शिरावं लागलं, आणि त्याआधी मी त्याला जकात चुकवून नडलो होतो, त्यामुळे त्याने घेतलं नाही. भिजत बसलो, मीठ गेलं. ताई मागे उभी राहून हसत होती.

खरा इतिहास इथे आपल्या मदतीला येतोय: पावसाळ्यात घाटवाटांवरची मालाची ये-जा जवळपास बंदच व्हायची. म्हणून गेमचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू आणि मृगाला संपतो. गॉथिकमधल्या कुंपणाचं काम आपल्याकडे पाऊस करेल, फक्त जागेऐवजी वेळेवर.

२ ऑगस्ट

भाऊने न सांगता क्वेस्ट जनरेटर लिहिला. टेम्प्लेट: [कोणाला] [काय] [कुठून] [किती दिवसांत]. बटण दाबलं की दोनशे कामं. गावकऱ्याला हळद आणून दे, गावकऱ्याला दोर आणून दे, गावकऱ्याची हरवलेली म्हैस.

स्कायरिममधे (२०११) रेडियंट नावाने हेच होतं, आणि तिथे ते अगदीच टाकाऊ नव्हतं कारण न पाहिलेल्या गुहेकडे तुम्हाला ढकलायचं हे त्याचं काम होतं, गुहा हाताने बनवलेली असायची. पण फॉलआउट चारमधे प्रेस्टन गार्वी नावाचा माणूस दर थोड्या वेळाने येऊन अजून एका वस्तीला मदत पाहिजे म्हणतो आणि लोकांनी त्याचे मीम केले, कारण मदत करून काही बदलत नाही, तीच वस्ती परत संकटात. २०२३ च्या स्टारफिल्डला हजाराच्या वर ग्रह होते आणि वेगळ्या ग्रहावर तोच तळ, तीच खोली, टेबलावरच्या वस्तू पण त्याच जागी सापडल्यावर लोक वैतागले ते ग्रह कमी होते म्हणून नाही. नो मॅन्स स्कायला तर दोनचा चौसष्टावा घात इतके ग्रह, आणि २०१६ मधे पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं की इथे करायचं काय. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं अपडेट देऊन तो गेम खरंच उभा केला, तळ बांधणं, एकत्र खेळणं, काय काय आलं. ग्रहांचा आकडा मात्र पहिल्या दिवशीच पुरेसा होता.

जनरेटर पूर्ण फेकला नाही. बाजारात ज्या उडत्या बातम्या असतात (अमक्या गावी मीठ महागलंय, तमका तांडा वाटेत अडकलाय) त्या यातून येतील, कारण बातमी खोटी किंवा शिळी निघाली तरी चालतं, उलट बरंच. कामं मात्र हाताने लिहायची. भाऊ म्हणाला, "म्हणजे माझं यंत्र अफवा पसरवणार." हो रे बाबा, तेच करणार.

१७ ऑगस्ट

आता उलट बाजू, कारण मागच्या नोंदी वाचून कुणाला वाटेल मी मोठ्या मॅपच्या विरोधात आहे.

घाटाची वाट ताईने परत काढली. वळणं धरून साधारण चोवीसशे मीटर. लादलेला बैल सेकंदाला दोन मीटर चालतो, म्हणजे चढायला वीस मिनिटं. भाऊ (तोच, ज्याला आठ किलोमीटर पाहिजे होते) म्हणतोय वीस मिनिटं फार झाली, फास्ट ट्रॅव्हल टाकू. मी नाही म्हणालो आणि यावर आज चहाच्या तीन फेऱ्या झाल्या.

माझं म्हणणं असं. डॅगरफॉलमधलं अंतर फुकट होतं, म्हणून ते नव्हतंच. आपल्या वाटेवर अंतराला किंमत आहे: पाऊस कधी येईल, गोणी किती भिजली, बैलाचा नाल पडला तर पुढच्या वळणावर पाणी आहे का, चौकी उजेडी गाठायची की अंधारात चोरवाटेने जायचं. ही वीस मिनिटं कापली तर ओल, घोंगडं, पडवी, जकातदार, सगळंच उपटलं जातं. मॉरोविंडमधे प्रवासाची सोय होती पण ती जगाचा भाग होती, ठराविक गावांतून ठराविक गावांना जाणारे राक्षसी किड्यांचे वाहन, होड्या, जादूगारांच्या संघात पैसे देऊन उडी. आणि कुठे जायचं ते बाण दाखवत नसे, माणूस सांगायचा की पुलापलीकडे डावीकडे वळ, मोठ्या दगडापाशी वाट फुटते, आणि ते डायरीत उतरायचं. त्यामुळे बेट होतं त्यापेक्षा खूप मोठं वाटायचं, त्यात धुकं आणि प्लेअरचा गोगलगायीसारखा स्पीड यांचाही हात होताच, ते सोडा.

म्हणून रुंदी नको असं नाहीये. जी रुंदी ओलांडताना खेळणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागतं ती ठेवायची. पठारावरचा अर्धा किलोमीटर सपाट भाग आज काढून टाकला कारण तिथे काही ठरवावं लागत नव्हतं. घाट तसाच राहील. रिकाम्या हाताने उतरताना पळता येतं, आठ मिनिटांत खाली, तेवढी सूट पुरे.

७ सप्टेंबर

रुंदीऐवजी खोलपणा निवडला, त्याचं बिल आलं. जकातदाराच्या एका कामात होय-नाही असे आठ फ्लॅग जमलेत, म्हणजे कागदावर दोनशे छप्पन्न अवस्था. त्यातल्या बऱ्याच होऊच शकत नाहीत, पण कुठल्या होऊ शकत नाहीत हेही तपासावंच लागतं. काल दस्तक (माल नेण्याचा परवाना) जप्त झालेलं असताना तोच जकातदार "दस्तक दाखव" म्हणत प्लेअरला अडकवून बसला, पुढेही जाऊ देईना, मागेही.

विचर तीनमधलं ब्लडी बॅरनचं प्रकरण आठवलं (२०१५ चा गेम, पण ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा). टेकडीखाली कोंडलेला एक आत्मा सोडायचा की मारायचा, एवढाच निर्णय. त्यावर दलदलीतल्या पोरांचं काय होणार, एका गावाचं काय होणार, बॅरनच्या बायकोचं आणि मग खुद्द बॅरनचं काय होणार हे ठरतं, आणि तुम्ही त्या टेकडीवर कुणी पाठवण्याआधीच फिरत फिरत पोचलात तर तेही त्यांनी सांभाळलंय. एक निर्णय आणि त्याच्या मागे किती संवाद, किती आवाज, किती टेस्टिंग. आणि त्याच गेममधे स्केलिगे बेटांच्या समुद्रात मॅपवर प्रश्नचिन्हांचा सडा आहे, होडी घेऊन जा, पिंपं शोधा, माल उचला, पुढचं पिंप. मला वाटतं दोन्ही एकाच गेममधे असण्याचं कारण पैशाचं आहे, पिंपं टाकायला लेखक लागत नाही.

आपल्याकडे उपाय म्हणून फ्लॅग कमी करतोय. जकातदाराला "रागावलाय का", "लाच घेतलीय का", "दस्तक खोटं आहे हे कळलंय का" असे वेगवेगळे प्रश्न विचारण्याऐवजी तीन आकडे: ओळख, राग, भीती. संवाद त्या आकड्यांवरून निवडला जातो. लिखाण थोडं ढोबळ होतं, हे भाऊला टोचतंय, पण अडकून तरी बसत नाही.

२० सप्टेंबर

पहिल्यांदा बाहेरच्या माणसांना बिल्ड (गेमची चालणारी प्रत) दिला. ताईच्या भाचीने (कॉलेजात आहे, गेम भरपूर खेळते) जे केलं ते आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ओलं मीठ जड होतं हे तिच्या लक्षात आलं. बाजाराच्या आधी जो ओढा लागतो तिथे थांबून तिने मुद्दाम गोण्यांवर पाणी शिंपडलं, साठच्या आत ठेवून, गळू न देता, आणि तराजूवर जास्त वजन भरवून पैसे घेऊन आली. वर आम्हाला विचारते, "मामा, हे चालतं ना?"

भाऊ म्हणाला बग आहे, बंद करू. ताई म्हणाली मग मीठ जोखूच नका, माप लावा, तिच्या आजीच्या गावात मिठाच्या बदल्यात मापाने भात द्यायचे. दोन्ही चालण्यासारखं आहे, पण मला ही लबाडी ठेवायचीय. खऱ्या व्यापाऱ्याने काय केलं असतं? गोणीत हात घातला असता, तळाचं मीठ चिमटीत धरलं असतं. तेच करू. पहिल्या वेळी फसेल, दुसऱ्या वेळी हात घालेल, पकडलं तर भाव पाडेल आणि लक्षात ठेवेल.

२८ सप्टेंबर

व्यापाऱ्याची आठवण जोडली. आता ती आठवण इतरांपर्यंत कशी पोचवायची? बहुतेक गेममधे गुन्हा केला की अख्ख्या मुलखाला त्याच क्षणी कळतं, पहारेकरी जणू व्हॉट्सॲपवर असतात. आपल्याकडे बातमी माणसासोबत चालेल. बाजारात भिजवलेलं मीठ विकताना पकडला गेलात तर ती गोष्ट पुढच्या उतरणाऱ्या तांड्याबरोबर घाट उतरते, त्या तांड्याच्या वेगाने, आधी चौकीवर, मग बंदरात. तुम्ही पळत आठ मिनिटांत खाली पोचलात तर बंदरातला सावकार अजून उधार देईल. उद्या नाही देणार.

भाऊला हे इतकं आवडलं की त्याने स्वतःच वाट दोनशे मीटरने लांब करून मागितली, म्हणजे शर्यतीला जागा राहील. ताई म्हणतेय आधी उतरणाऱ्या तांड्याच्या बैलांचं ॲनिमेशन नीट करते, सध्या उतारावर ते हवेत चालतात.

पुढच्या बिल्डसाठी उरलेलं: हात घालून तपासणीचं ॲनिमेशन, तांड्याला वाटेत थांबवता येईल का ते (लाच देऊन? भाऊ म्हणतोय दारू पाजून), जकातदाराचं अडकणं परत एकदा, आणि बातमी घेऊन येणाराच घाटात दरडीखाली सापडला तर बातमीचं काय करायचं, यावर उद्या बोलू.